उतारावर इंजिन बंद

व्हरमाँटला लोक ऑक्टोबरमध्ये जातात. लालपिवळी पानं बघतात, लाकडी पुलावर उभं राहून फोटो काढतात आणि परत आल्यावर ओळखीच्या सगळ्यांना ई-मेलनं पाठवतात. मी २००५ च्या मार्चमध्ये गेले. झाडांवर एक पान नव्हतं आणि पूल बहुधा बर्फाखाली होता. माझ्याकडे त्या प्रवासाचा एकच धड फोटो आहे. त्यात पांढरं मैदान आहे आणि त्या मैदानातून वर आलेलं एक लाल हेल्मेट. हेल्मेटच्या आत वसंतकाका आहेत. आपण त्यात हसतोय असं ते सांगतात. फोटोत ते दिसत नाही.

वसंतकाका आणि निर्मलाकाकू मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत तीसेक वर्षं राहताहेत. काका मूळचे अमरावतीचे, भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. काकू पुण्याच्या, माझ्या आईची शाळेतली मैत्रीण. मी शेजारच्या वूस्टरला एम.एस. करायला आले तेव्हापासून त्यांच्या बेसमेंटमधल्या खोलीत राहते. दोन वर्षांपूर्वी काकांची बायपास झाली. अशा दुखण्यातून उठल्यावर माणसं योगासनं सुरू करतात. काकांनी डर्ट बाइक घेतली, म्हणजे रस्ता सोडून रानात, चिखलात, दगडधोंड्यांवर चालवायची मोटरसायकल. एक मोठी, स्वतःसाठी. एक धाकटी, मुलासाठी. मुलगा निखिल लांब टेक्सासमध्ये, प्लेनोला असतो. तो दर रविवारी फोनवर "डॅड, जस्ट सेल इट" म्हणतो, आणि धाकटी गॅरेजमध्ये जुनी चादर पांघरून उभी असते.

उन्हाळाभर काकू गप्प राहिल्या. पण काकांनी ताज्या, खोल बर्फात मोटरसायकल चालवायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांनी जेवायच्या टेबलावर अट घातली.

"जा. पण एकदा जरी तुम्हाला कुणी ओढून बाहेर काढावं लागलं, तर आल्यावर ती मोठी विकायची. मग मला कारणं सांगायची नाहीत."

"डन," काका म्हणाले.

"आणि केतकी बरोबर जाईल."

केतकी म्हणजे मी. मी ताटातल्या भाताकडे बघत होते.

"ही कशाला?"

"तुम्ही मला खरं सांगणार नाही. ही बोलत नाही, पण हिला सगळं दिसतं. आणि विचारलं की खोटं सांगता येत नाही हिला."

मला स्प्रिंग ब्रेकची सुट्टी होती. थीसिसचं एक प्रकरण पूर्ण करायचं, असं मी ठरवलं होतं. तेवढं बोलले असते तरी पुरलं असतं. माझ्या तोंडून "ओके काकू" एवढंच बाहेर पडलं. मोठ्यांना नाही कसं म्हणायचं हे मला शाळेत इंग्रजीतून कुणी शिकवलं नाही आणि घरी मराठीतूनही नाही.

शुक्रवार

पिकअपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर दोन मोटरसायकली, आणि माझ्या मांडीवर काकूंनी दिलेले डबे: धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळ्या, लसणाची चटणी. डब्यांवर इंटरनेटवरून छापून घेतलेला रस्ता. तो बघायला काकांना सवड नव्हती, कारण ते बोलत होते.

मॅसॅच्युसेट्स मागे पडलं आणि डोंगर सुरू झाले. पहिल्या मोठ्या उतारावर इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. गाडी बिघडली असं मला वाटलं. मग चढ आला आणि काकांनी हात खाली नेऊन खटकन गिअर टाकला. पुढच्या उतारावर पुन्हा तेच.

"काका, गिअर..."

"न्यूट्रल टाकला. उतारावर कशाला पेट्रोल जाळायचं बाप्पा? चिखलदऱ्याहून उतरताना आम्ही इंजिनच बंद करत होतो. परतवाड्यापर्यंत फुकट."

"पण मागे ट्रेलर आहे."

"म्हणजे अजून जोरात जाते. काहून घाबरून राहिली?"

मागे ट्रेलर असताना उतारावर गाडी गिअरमध्येच हवी, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो, हे मी लायसन्ससाठी अभ्यास करताना वाचलं होतं. ते वाक्य माझ्या मनात इंग्रजीत, पूर्णविरामासकट तयार होतं. मी डबे घट्ट धरून बसले. तीन तासांत असे किती उतार येतात, ते शेजारच्या सीटवर बसल्याखेरीज कळत नाही.

आम्ही काकांच्या ओळखीच्या, जून नावाच्या बाईकडे उतरणार होतो. जून सत्तरीची, उंच, पांढऱ्या वेणीची बाई. काकांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ती वर्षानुवर्षं मुख्य नर्स होती. आता वडिलांच्या जुन्या शेतावर एकटी राहते आणि मेपलच्या झाडांचा रस काढून त्याचा पाक करते. तिनं काकांना "व्हॅस" म्हणून मिठी मारली, मला हात पुढे केला, आणि माझा हात ओला असल्याचं लक्षात आल्यावर तो आपल्या स्वेटरला पुसला. मला ती आवडली.

जेवायला मक्याचा पाव, मेपल घालून शिजवलेला राजमा आणि तळलेली अंडी होती. मला भूक लागली होती. जूननं भांडं पुढे करून विचारलं, "अजून?" मी म्हणाले, "नो, थँक यू." ती "ऑलराइट" म्हणाली आणि भांडं थेट फ्रिजमध्ये ठेवून आली. नो थँक यू मला कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं. ते निदान दोनदा म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचं असतं, हे आईनं. जूनला फक्त सिस्टरांचा भाग माहीत होता. रात्री खोलीत धपाट्यांचा डबा उघडला, तर तो संध्याकाळभर गार गाडीतच राहिलेला, आणि धपाटे थंडीनं कौलासारखे कडक झालेले. मी एक गूळपोळी चावून चावून मऊ केली. बाहेर बर्फ पडायला लागला होता.

शनिवार

सकाळी ट्रेलर दिसेना. म्हणजे ट्रेलर होता, त्याचा उंचवटा झाला होता. जूनच्या अंगणात माझ्या मांडीपर्यंत बर्फ होता, कोरडा, हलका, फुंकर मारली तर उडणारा. काका खिडकीपाशी उभे राहून नातू बघावा तसे त्याच्याकडे बघत होते.

कपडे घालण्यातच सकाळ गेली. इथल्या जुन्या लोकांची एक युक्ती आहे: मोज्यांवर पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या आणि मग बूट घालायचे. पाय कोरडे राहतात. चालताना मात्र वाणसामान नेल्यासारखा आवाज येतो. माझ्या अंगावर निखिलची शाळेतली बर्फातली विजार होती, आत वर्तमानपत्र कोंबलेलं हेल्मेट होतं. काकांनी हेल्मेटच्या आत माकडटोपी घातली होती. अशा अवतारात कुणाचा मान ठेवणं अवघड जातं, पण मी ठेवला.

आता बर्फातल्या मोटरसायकलीविषयी, कुणी जाणार असेल तर. पुण्यात मी स्कूटी चालवायचे. पावसाळ्यात चिखल दिसला की आपण काय करतो? वेग कमी करतो, दोन्ही पाय खाली सोडतो आणि बदकासारखे पुढे सरकतो. खोल बर्फात असं केलं की संपलं. वेग कमी झाला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, स्वतःसाठी खड्डा खणतं आणि सीटपर्यंत आत जातं. पाय खाली सोडले तर खाली टेकायला काही नसतं. उभं राहायचं, वजन मागे टाकायचं आणि जिथे भीती वाटते नेमकं तिथे गॅस द्यायचा, म्हणजे उजवी मूठ पिळायची. हे मला काकांनी सांगितलं, अर्धा तास, भूल देण्याच्या डोसाची उदाहरणं देऊन. मग ते स्वतः निघाले, वीसेक फूट गेले आणि सीटपर्यंत आत गेले.

"ये, जरा मागून ढकल."

"काका, काकू म्हणाल्या होत्या..."

"ओढून काढलं तर. तू ढकलून राहिली."

मी ढकललं. मागच्या चाकानं उडवलेला सगळा बर्फ माझ्या गळपट्टीच्या आत गेला. मोटरसायकल निघाली, आणखी वीस फूट गेली आणि पुन्हा रुतली. असं दुपारपर्यंत चाललं. मधेच जून फावडं घेऊन आली, टायरमधली हवा थोडी सोड म्हणाली. काकांनी ते ऐकलं नाही, मग ती आत गेल्यावर गुपचूप केलं.

आणि त्यानंतर मात्र ते चालवायला लागले. मी इतकी चिडले होते तरी हे लिहायला हवं. पुढचं चाक दिसेनासं झालं, दोन्ही बाजूंना बर्फाचे पडदे उठले, आणि पासष्टी उलटलेला माणूस माकडटोपीसकट मैदानाच्या त्या टोकापर्यंत तरंगत गेला. वळला. परत आला. माझ्याजवळ येऊन थांबायला गेला आणि रुतला. तो फोटो तेव्हाचा आहे.

"आता तू बस."

"मी बघते ना काका."

"बघायला काय सिनेमा आहे? बस."

मी धाकटीवर बसले. मी पडले. उठवली, बसले, पडले. बर्फात पडताना लागत नाही, हीच चिडायची गोष्ट आहे, कारण थांबायला कारण मिळत नाही. काका लांबून "गॅस, गॅस" ओरडत होते. माझा हात गॅसवर असायचा आणि पाय मात्र आपोआप खाली यायचे. संध्याकाळी माझे दोन्ही हात कपही धरू शकत नव्हते.

जूननं त्या संध्याकाळी आम्हाला तिच्या रस उकळायच्या खोपटात नेलं. आत शिरले आणि मला गुऱ्हाळ आठवलं: तीच वाफ, लांबलचक कढई, वर येणारी मळी काढणारा झारा. रस निघतो झाडातून, पण आटून आटून शेवटी जे उरतं ते थेट काकवीच्या घराण्यातलं. तो गरम पाक तिनं एका परातीतल्या स्वच्छ बर्फावर ओतला. त्याची चिवट तार झाली. ती काट्याला गुंडाळून खायची आणि वर व्हिनेगरमधली आंबट काकडी चावायची, म्हणजे पुन्हा गोड खाता येतं. मी काकूंची लसणाची चटणी आणली. जूननं ती पाकाबरोबर खाल्ली, डोळे पुसले आणि बाटलीत भरून ठेवायला मागितली.

"अजून?" तिनं विचारलं.

"येस," मी म्हणाले. मी शिकत होते.

रविवार

काकांना टेकडी हवी होती. जूनच्या रानातून एक जुनी लाकूडवाट वर जाते आणि पलीकडून तिच्या कुरणात उतरते. "हळू फिरून या," जून म्हणाली. आम्ही निघालो. चढ मला बरा गेला, कारण काकांनी पाडलेल्या चाकोरीतून मी जात होते. वर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. खाली घराचा धूर दिसत होता.

"बघ," काका म्हणाले. "एकदाही कुणी ओढलं नाही. हे निर्मलाला सांगशील ना?"

"हो काका."

"आता नुसता उतार. फुकट."

ते पुढे निघाले. मी मागे होते. वाट खाली वळते तिथे त्यांच्या मोटरसायकलीचा आवाज एकाएकी थांबला. मला वाटलं, बिघाड. मग त्यांचा अंगठा दिसला. हँडलवरच्या लाल बटणावरून तो नुकताच उचलला जात होता. त्यांनी इंजिन बंद केलं होतं. चिखलदरा.

डांबरी घाटात गाडी उतरते. मांडीभर बर्फात उतरत नाही. पाचसहा लांब क्षण ती शांतपणे घसरली, मग पुढचं चाक खाली गेलं आणि काका हँडलवरून पुढे, सावकाश, सुटकेसमधून कपडे पडावेत तसे बर्फात पडले. ते उठून बसले आणि हसले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

आम्ही दोघांनी मिळून मोटरसायकल सरळ केली. मग काकांनी किक मारायला सुरुवात केली. इंजिन गार झालं होतं, आत कुठेतरी बर्फ गेला असावा. किक लागेना. मांडीभर बर्फात एका पायावर उभं राहून किक मारायची म्हणजे सगळं अंग त्यात घालावं लागतं.

"काका, थोडं थांबा."

"लागते आता."

"मी जूनला आणते खाली जाऊन. मोबाइलला इथे रेंज नाही."

"जून आली की तिचं ते बर्फावर चालणारं यंत्र येईल, दोर येईल. मग निर्मलाला काय सांगशील?" ते पुन्हा उभे राहिले. "दोन किका अजून."

त्यांच्या चेहऱ्याचा रंग मला आवडला नाही. इतक्या थंडीत वरच्या ओठावर घाम होता. दोन किकांच्या मधे त्यांनी डाव्या हातानं जॅकेट छातीपाशी धरलं, आणि मी बघतेय हे कळताच चेन वर ओढल्यासारखं केलं.

मी पुढे गेले आणि त्यांच्या मोटरसायकलीवर आडवी बसले. पाय किकच्या बाजूला सोडून.

"काय करून राहिली? ऊठ."

"नाही."

"केतकी."

"मला पाडून मारा किक." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "दुखतंय. मला दिसलंय. गोळी कुठे आहे?"

ते काहीतरी बोलतील, चिडतील, बायपासचं शास्त्र समजावतील, असं मला वाटलं. त्यांनी मुकाट्यानं हातमोजा काढला, आतल्या खिशातून डबी काढली आणि गोळी जिभेखाली ठेवली. त्यांनी वाद घातला नाही, तेव्हा मी खरी घाबरले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "कमी होतंय." मी त्यांना मोटरसायकलीला टेकून बसवलं, माझी गळपट्टी त्यांना गुंडाळली, उठायचं नाही असं सांगितलं. मग धाकटीवर बसले. पुढे चाकोरी नव्हती, कारण चाकोरी पाडणारा माणूस इथेच बसला होता.

"पाय वर," काका मागून म्हणाले. ओरडले नाहीत. तेवढं बळ नव्हतं.

त्या उताराचं वर्णन मला नीट करता येणार नाही. माझे पाय दोनदा खाली यायला निघाले आणि मी ते वर ठेवले. हेल्मेटच्या आत कुणीतरी "गॅस, गॅस, गॅस" ओरडत होतं. ती मीच होते. झाडं संपली, कुरण आलं, आणि मोटरसायकल वर उचलली गेल्यासारखी हलकी झाली. खाली जमीन आहे की नाही ते कळेना. घरापर्यंत मी एकदाही पडले नाही. अंगणात ब्रेक लावला तेव्हा पडले.

जून काही न विचारता ते यंत्र, तिची स्नोमोबील, घेऊन निघाली. रसाचे डबे वाहायची घसरगाडी तिच्या मागे होती. वर पोचल्यावर तिनं काकांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळ बघत उभी राहिली.

"व्हॅस, तू मूर्ख आहेस," ती म्हणाली, आणि दोर सोडायला लागली. काका खाली आले ते घसरगाडीत, दोन रिकाम्या डब्यांच्या मधे, ब्लँकेटात. नंतर त्याच दोरानं मोटरसायकलही आली.

गावातल्या छोट्या इस्पितळात त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. नवीन काही नाही, श्रम झालेत, घरी गेल्यावर आपल्या डॉक्टरांना लगेच भेटा, असं माझ्याच वयाच्या वाटणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं. काका त्याला ई.सी.जी. कसा वाचायचा ते शिकवत होते, तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीवरच्या फोनवरून काकूंना फोन केला. सगळं सांगितलं. गोळीचंही.

"आता कसे आहेत?"

"बरे आहेत. लेक्चर देताहेत."

पलीकडे काकूंनी खुर्ची सरकवून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "ओढून काढावं लागलं?"

"हो."

"बरं," काकू म्हणाल्या. "तू जेवलीस का?"

तिथे, त्या फोनपाशी, मला रडू आलं. जून शेजारी येऊन उभी राहिली आणि भिंतीवरची आग विझवण्याची सूचना वाचत राहिली.

परत श्रूजबरी

सोमवारी गाडी मी चालवली. डॉक्टरांनी काकांना मनाई केली होती. पहिला उतार आला. मी गिअर काढला नाही.

"पेट्रोल जाते," काका म्हणाले.

"जाऊ दे."

पुढच्या उताराला त्यांनी फक्त पेट्रोलच्या काट्याकडे बघितलं. त्यानंतर झोपले. झोपेत त्यांचं वय दिसतं.

काकूंनी मऊ भात आणि मेतकूट केलं होतं. काका दोन घास खाऊन म्हणाले, "निर्मला, मोठी विकून टाकू."

"जाहिरात कालच दिली," काकू म्हणाल्या. "तूप घ्या, थोडंच."

त्या जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या. त्यांनी रात्रभर काय केलं असेल ते त्यांच्या डोळ्यांखाली दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, "ती दुसरी पण टाकते जाहिरातीत. निखिल काही यायचा नाही त्यासाठी."

"ती राहू द्या," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. काकांचा घास हातात राहिला. मला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मी बोलले होते, आणि आता काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी पुन्हा ताटातल्या भाताकडे बघायला लागले.

"असं," काकू म्हणाल्या. "मग अट तीच. तुला कुणी ओढून काढलं की ती विकायची. साक्षीला हे."

"काका खोटं सांगतील," मी म्हणाले.

काकांनी घास तोंडात घातला आणि सावकाश चावला. "मला म्हातारपणी लांबचं दिसत नाही," ते म्हणाले.